अमेरिकेतील वांशिक पृथक्करण

अमेरिकेतील वांशिक पृथक्करण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वंशाच्या आधारावर नागरिकांना शाळा, रेल्वेचे डबे, बसगाड्या, रुग्णालये, उपाहारगृहे, निवासी वस्त्या, दफनभूमी इत्यादी ठिकाणी एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची व्यवस्था होय. तिचा मुख्य रोख आफ्रिकी वंशाच्या कृष्णवर्णीय नागरिकांवर होता. काही राज्यांत मेक्सिकन, चिनी, जपानी व मूळनिवासी अमेरिकी लोकांनाही ती लागू होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील राज्यांनी या व्यवस्थेला कायद्याचे रूप दिले. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली आणि १९५४ साली त्याच न्यायालयाने सरकारी शाळांपुरती ती घटनाबाह्य ठरवली. १९६४ ते १९६८ या काळात झालेल्या नागरी हक्क कायद्यांनी तिचा कायदेशीर पाया काढून घेतला. शाळा आणि वस्त्या यांतील प्रत्यक्ष विभागणी मात्र अनेक शहरांत त्यानंतरही टिकून राहिली. तिला कायदा कितपत जबाबदार आहे, हा अमेरिकी घटनात्मक कायद्यातील दीर्घकाळ चाललेला वाद आहे.

## संज्ञा आणि अर्थ

पृथक्करण आणि भेदभाव या दोन संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. परंतु कायद्याच्या परिभाषेत त्या भिन्न आहेत. भेदभाव म्हणजे समान स्थितीतील व्यक्तींना असमान वागणूक देणे. पृथक्करण म्हणजे त्यांना वेगळ्या जागी ठेवणे. दोन्ही गटांना सारख्याच सोयी दिल्या, तर केवळ वेगळे ठेवण्यात भेदभाव होतो की नाही, या प्रश्नाभोवती १८९६ ते १९५४ या काळातील बहुतेक न्यायालयीन विवाद फिरत राहिले.

पृथक्करणाचे दोन प्रकार मानले जातात:

* विधितः पृथक्करण: जे कायदा, नियम किंवा शासकीय निर्णय यांतून निर्माण होते. यात केवळ उघड कायदेच नव्हे, तर विशिष्ट वंशाची मुले वेगळी पडावीत अशा हेतूने शाळांच्या हद्दी आखणे किंवा शाळांच्या जागा निवडणे यांचाही समावेश होतो.
* वस्तुतः पृथक्करण: जे कोणत्याही शासकीय आदेशाविना, रूढी, आर्थिक विषमता, खासगी व्यवहार किंवा वैयक्तिक निवड यांतून घडून आलेले मानले जाते.

या वर्गीकरणाला व्यावहारिक महत्त्व आहे. अमेरिकी न्यायालये सामान्यतः पहिल्या प्रकारावरच घटनेच्या आधारे उपाय देऊ शकतात. त्यामुळे एखादी विभागणी कोणत्या प्रकारात मोडते, यावर पीडितांना दाद मिळते की नाही हे अवलंबून असते.

विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३४ साली आणखी एक भेद मांडला. कृष्णवर्णीयांनी परस्परसाहाय्यासाठी आपल्या संस्था उभारणे आणि त्यांच्यावर वेगळेपण लादले जाणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि आक्षेप घ्यायचा तो भेदभावाला, असे त्यांचे म्हणणे होते. या भूमिकेवरून झालेल्या मतभेदांनंतर त्याच वर्षी ते 'नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संघटनेतून बाहेर पडले. या संघटनेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता.

## पार्श्वभूमी

यादवी युद्धानंतर १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कोणत्याही राज्याने आपल्या अधिकारक्षेत्रातील व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असे बंधन घातले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश किंवा वर्ण यांच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई केली. १८७५ साली संसदेने खाणावळी, वाहतुकीची साधने आणि नाट्यगृहे सर्व वंशांच्या नागरिकांना खुली करणारा कायदा केला.

१८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची मुख्य कलमे रद्द ठरवली. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांच्या कृतीवर बंधन घालते, खासगी व्यक्तींच्या वर्तनावर नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. या 'शासकीय कृती'च्या तत्त्वामुळे खासगी मालकाने केलेला मज्जाव घटनेच्या कक्षेबाहेर गेला. १८७७ पर्यंत संघीय सैन्याचे संरक्षण दक्षिणेतून काढून घेण्यात आले होते आणि तेथील राज्यसत्ता पुन्हा श्वेतवर्णीय वर्चस्ववाद्यांच्या हाती आली होती.

पृथक्करणाचा उगम केवळ दक्षिणेत नव्हता. उत्तरेकडील बॉस्टन शहरात पाच वर्षांच्या सारा रॉबर्ट्स हिला घराजवळच्या शाळा ओलांडून कृष्णवर्णीयांच्या दूरच्या शाळेत जावे लागे. तिच्या वतीने दाखल झालेला दावा मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० साली फेटाळला. पुढे १८५५ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून शाळांतील असा मज्जाव बंद केला. मात्र न्यायालयाच्या निकालाचा दाखला इतर राज्यांत दीर्घकाळ दिला जात राहिला.

## जिम क्रो कायदे

दक्षिणेतील पृथक्करणाच्या कायद्यांना एकत्रितपणे 'जिम क्रो कायदे' म्हणतात. 'जिम क्रो' हे १८३० च्या सुमारास टॉमस राइस या श्वेतवर्णीय नटाने तोंडाला काळा रंग फासून रंगवलेल्या विनोदी पात्राचे नाव होते. पुढे ते कृष्णवर्णीयांसाठी हेटाळणीचा शब्द आणि अखेर संपूर्ण व्यवस्थेचे नाव बनले.

या कायद्यांनी प्रवास, शिक्षण, उपचार, करमणूक आणि विवाह अशी जीवनाची बहुतेक क्षेत्रे व्यापली. सार्वजनिक इमारतींत पाणी पिण्याचे नळ, स्वच्छतागृहे आणि प्रतीक्षागृहे यांवर 'श्वेतवर्णीयांसाठी' व 'कृष्णवर्णीयांसाठी' अशा पाट्या असत. त्याच सुमारास मताधिकारही काढून घेण्यात आला. १८९० च्या मिसिसिपी राज्यघटनेने मतदान-कर आणि साक्षरतेची परीक्षा यांची अट घातली. १८९८ साली लुईझियानाने ज्यांचे वडील किंवा आजोबा १८६७ पूर्वी मतदार होते त्यांना अशा अटींतून सूट दिली. त्या काळी दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मताधिकार नसल्याने सवलत श्वेतवर्णीयांनाच मिळाली. अशा कलमांचा शब्दप्रयोग वंशनिरपेक्ष असला, तरी परिणाम वांशिक होता. मताधिकार गेल्याने पृथक्करणाचे कायदे विधिमंडळात बदलण्याचा मार्गही बंद झाला.

## प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन

लुईझियाना राज्याने १८९० साली रेल्वेत दोन वंशांसाठी 'समान परंतु स्वतंत्र' डब्यांची सक्ती केली. त्या कायद्याला आव्हान देण्यासाठी न्यू ऑर्लिन्समधील नागरिकांच्या एका समितीने खटल्याची योजना आखली. त्यानुसार होमर प्लेसी हे पादत्राणे बनवणारे कारागीर ७ जून १८९२ रोजी श्वेतवर्णीयांच्या डब्यात बसले आणि तेथून हलण्यास नकार दिल्याने त्यांना अटक झाली. त्यांच्या पणजोबा-पणजींच्या पिढीतील आठांपैकी एकच पूर्वज कृष्णवर्णीय होता आणि ते दिसण्यात श्वेतवर्णीयच वाटत. त्यामुळे प्रवाशाचा वंश ठरवण्याचा अधिकार रेल्वेच्या कर्मचाऱ्याला कोणत्या आधारावर मिळतो, हा प्रश्नही आपोआप उभा राहिला.

१८ मे १८९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी कायदा वैध ठरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हेन्री बिलिंग्स ब्राउन यांनी लिहिला. घटना राजकीय समानता देते, सामाजिक समानता कायद्याने निर्माण करता येत नाही, असा त्याचा आशय होता. वेगळ्या डब्यामुळे कृष्णवर्णीयांवर कनिष्ठतेचा शिक्का बसतो हे म्हणणे नाकारताना, तसा अर्थ कायद्यात नसून तो त्या समाजाने स्वतः काढला आहे, असे निकालात म्हटले होते.

न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्यानेच विरोधी मत नोंदवले. घटना नागरिकांमध्ये वर्ग ओळखत नाही आणि कायद्याचा खरा हेतू कृष्णवर्णीयांना श्वेतवर्णीयांच्या डब्यातून दूर ठेवण्याचा आहे हे सर्वांना ठाऊक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

## सामाजिक अर्थ

लुईझियानाच्या कायद्यातील एक अपवाद या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करतो. दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना तो कायदा लागू नव्हता. श्वेतवर्णीय मुलाला मांडीवर घेतलेली कृष्णवर्णीय दाई त्या डब्यात बसू शकत असे; तीच स्त्री तिकीट काढून स्वतंत्र प्रवासी म्हणून आली, तर तिला मज्जाव होता. दक्षिणेतील घरांत कृष्णवर्णीय स्त्रिया श्वेतवर्णीय कुटुंबांचा स्वयंपाक करीत आणि मुले वाढवीत. परंतु त्याच कुटुंबाबरोबर एका पंगतीला बसणे निषिद्ध होते. शारीरिक जवळीक वर्ज्य नव्हती. बरोबरीच्या नात्याने झालेली जवळीक वर्ज्य होती. या अर्थाने पृथक्करण हे अंतर राखण्यापेक्षा सामाजिक श्रेणी राखण्याचे साधन होते.

कायद्याच्या जोडीला अलिखित शिष्टाचारही होते. प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषाला 'मिस्टर' असे आदरार्थी संबोधन न लावता पहिल्या नावाने किंवा 'बॉय' म्हणून हाक मारली जाई. हे संकेत मोडल्यास नोकरी जाणे, घर जाळले जाणे किंवा जमावाकडून हत्या होणे असे परिणाम संभवत.

'समान परंतु स्वतंत्र' या सूत्रातील समानता प्रत्यक्षात पाळली गेली नाही. १८९९ साली जॉर्जिया राज्यातील एका परगण्याने कृष्णवर्णीयांची माध्यमिक शाळा बंद करून श्वेतवर्णीयांची चालू ठेवली, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात श्वेतवर्णीय मुलांसाठी शाळेच्या बसगाड्या होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. तेथील पालकांची मूळ मागणी एका बसगाडीची होती. तीच पुढे शाळांतील पृथक्करणालाच आव्हान देणाऱ्या खटल्यात परिणत झाली.

## वस्त्यांचे पृथक्करण

लुईव्हिल शहराने वंशानुसार रहिवासी भाग ठरवून देणारा नियम केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द केला. त्यानंतर खासगी करारांचा वापर वाढला. घराच्या खरेदीखतातच ते कृष्णवर्णीयांना, काही ठिकाणी ज्यू किंवा आशियाई लोकांनाही, विकू नये अशी अट घातली जाई. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात न्यायालयाने असे ठरवले की, असा करार खासगी असला तरी न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करणे ही शासकीय कृती ठरते आणि म्हणून ती करता येणार नाही.

तोवर संघीय सरकारने या विभागणीला आर्थिक बळ दिले होते. १९३३ साली स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे जोखमीनुसार नकाशे तयार केले. त्यांत सर्वांत धोक्याचे भाग तांबड्या रंगाने दाखवले जात आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सर्रास त्या रंगात येत. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जहमी देताना वांशिक अटींच्या करारांची शिफारस केली. दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिलेल्या अनेक उपनगरांत, उदाहरणार्थ न्यू यॉर्कजवळील लेव्हिटटाउनमध्ये, घरे केवळ श्वेतवर्णीयांना विकली गेली. अमेरिकी मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः घराच्या मालकीतून वाढत असल्याने या धोरणाचा परिणाम पुढील पिढ्यांच्या आर्थिक स्थितीवरही झाला. शाळेचा प्रवेश राहत्या घराच्या हद्दीवर आणि शाळेचा निधी मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता-करावर अवलंबून असल्याने वस्त्यांची विभागणी शाळांतही उतरली.

## ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ

न्यायालयीन लढ्याची पहिली दिशा 'समान' या शब्दाची अंमलबजावणी मागण्याची होती. १९३८ साली मिसूरी राज्याला विधी शिक्षणाची सोय राज्यातच करण्याचा आदेश मिळाला. १९५० च्या मॅकलॉरिन खटल्यात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या वागणुकीचा प्रश्न होता. ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅकलॉरिन यांना प्रवेश दिला, परंतु वर्गालगतच्या खोलीत बसवले; ग्रंथालयात व भोजनगृहात त्यांची टेबले वेगळी ठेवली. इमारत, शिक्षक आणि पुस्तके समान असूनही हे वेगळेपण शिक्षणात अडथळा आणते, असे न्यायालयाने मान्य केले.

हेच तत्त्व शालेय शिक्षणाला लावण्यासाठी कॅन्सस, दक्षिण कॅरोलायना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टन येथील पाच खटले एकत्र चालवले गेले. वकिलांचे नेतृत्व थर्गूड मार्शल यांच्याकडे होते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने बाहुल्यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासाचा आधारही घेण्यात आला. या अभ्यासात अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या बाहुलीला चांगली ठरवले होते. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल जाहीर केला. सरकारी शाळांतील वेगळ्या सोयी मुळातच असमान असतात, असे त्यात ठरवण्यात आले. प्लेसी निकालाने कनिष्ठतेची भावना कृष्णवर्णीयांच्या मनाची उपज मानली होती. ब्राउन निकालाने ती कायद्याचा परिणाम मानली.

१९५५ च्या पूरक निकालात अंमलबजावणीची निश्चित मुदत दिली गेली नाही. १९५६ साली दक्षिणेतील १०१ संसद सदस्यांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने एकत्र शिक्षण टाळण्यासाठी १९५९ ते १९६४ या काळात सर्व सरकारी शाळा बंद ठेवल्या. श्वेतवर्णीय मुलांसाठी खासगी शाळा निघाली. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षण मात्र खंडित झाले. पुढे एकत्रीकरण झाले तेव्हाही दक्षिणेत अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या शाळाच बंद करण्यात आल्या आणि तेथील शिक्षक व मुख्याध्यापकांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या.

## नागरी हक्क कायदे

न्यायालयीन निकालांच्या जोडीला जनआंदोलन उभे राहिले. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरी येथे बससेवेवरील बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी श्वेतवर्णीयांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात बसून राहिले. असे सत्याग्रह इतर शहरांतही पसरले.

२ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे आणि नोकऱ्या यांतील वांशिक भेदभावास मनाई केली. १८८३ चा अडथळा टाळण्यासाठी संसदेने सार्वजनिक सोयींबाबतच्या तरतुदींना आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा मुख्य आधार दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो मान्य केला. १९६५ च्या मताधिकार कायद्याने साक्षरता परीक्षांसारखे अडथळे दूर केले. १९६७ साली आंतरवंशीय विवाहांवरील बंदी घटनाबाह्य ठरली. तेव्हा १६ राज्यांत अशी बंदी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ४ एप्रिल १९६८ रोजी झालेल्या हत्येनंतर आठवड्याभरात घरांच्या विक्री व भाड्यातील भेदभावाविरुद्धचा कायदा झाला.

## विधितः आणि वस्तुतः यांचा वाद

१९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने शार्लट शहरातील शाळांचे एकत्रीकरण साधण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवण्याचा उपाय मान्य केला. १९७३ च्या डेन्व्हर खटल्यात प्रश्न उत्तर व पश्चिमेकडील शहरांपर्यंत पोहोचला. तेथे पृथक्करणाचा लेखी कायदा नव्हता. तरीही शाळा मंडळाचा हेतू सिद्ध झाल्यास ते विधितः पृथक्करण ठरते, असा निर्णय झाला. न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी याच खटल्यात हा भेद सोडून द्यावा असे मत मांडले. परंतु ते स्वीकारले गेले नाही.

१९७४ च्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्याने या वादाला निर्णायक वळण दिले. डेट्रॉइट शहरातील शाळांत जाणीवपूर्वक पृथक्करण झाल्याचे सिद्ध झाले होते. श्वेतवर्णीय कुटुंबे उपनगरांत गेल्याने केवळ शहरापुरते एकत्रीकरण निष्फळ ठरेल, म्हणून कनिष्ठ न्यायालयाने ५३ उपनगरी शाळा-जिल्ह्यांचा समावेश असलेली योजना आखली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली. उपनगरांनी स्वतः घटनाभंग केल्याचे सिद्ध झाले नसल्याने त्यांच्यावर उपाय लादता येत नाही, असे त्यामागील कारण होते. ब्राउन खटला लढवणारे मार्शल १९६७ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांनी या निकालास तीव्र विरोध नोंदवला.

२००७ साली सिअॅटल आणि लुईव्हिल येथील शाळा मंडळांनी स्वेच्छेने आखलेल्या, विद्यार्थ्यांचा वंश विचारात घेणाऱ्या प्रवेश योजनाही न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द ठरवल्या.

टीकाकारांच्या मते या निकालांत वस्तुतः मानले गेलेले पृथक्करण पूर्णपणे खासगी नाही. कर्जाचे नकाशे, सरकारी हमी आणि हद्दींची आखणी यांचा तो परिणाम आहे. समर्थकांच्या मते न्यायालयाचे काम सिद्ध झालेल्या घटनाभंगावर उपाय देण्यापुरते आहे, आणि स्थानिक समाजाचे शाळांवरील नियंत्रण हेही महत्त्वाचे मूल्य आहे.

## भारत आणि महाराष्ट्राशी संबंध

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ पासून न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांचा डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार झाला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथर संघटनेचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते.

अस्पृश्यता आणि वांशिक पृथक्करण यांची कायदेशीर रचना भिन्न होती. महाडच्या चवदार तळ्याच्या बाबतीत मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव आणि त्यानुसार नगरपालिकेने घेतलेला निर्णय प्रवेशाच्या बाजूने होता. अडवणूक रूढीची होती. १९२७ च्या सत्याग्रहानंतरच्या दाव्यातही विरोधकांनी रूढीचाच आधार घेतला आणि अशी प्राचीन रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) आणि १७ यांनी दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांबाबतचे बंधन खासगी व्यक्तींवरही घातले आहे. निवासाचे क्षेत्र मात्र यात तितक्या स्पष्टपणे येत नाही. २००५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेची, सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली.

## हेही पाहा

* वर्णभेद (दक्षिण आफ्रिका)
* अस्पृश्यता
* महाड सत्याग्रह
* मार्टिन ल्यूथर किंग
* अमेरिकेची राज्यघटना